दृश्य ओळख घडवून घेताना: स्टुडिओ निवडण्यापासून ती रोजच्या वापरात मुरेपर्यंत

नवा लोगो स्टुडिओत असतो तोवर सुखरूप असतो. मग फाइलींचा फोल्डर हवाली होतो, आणि तीन महिन्यांनी हिशेब विभागातलं कुणीतरी घाईघाईत एक पत्र तयार करतं. योग्य फाइल हाताशी नसते, म्हणून वेबसाइटवरून लोगोचं चित्र उचललं जातं, जागेत बसावं म्हणून आडवं ताणलं जातं, आणि पत्र रवाना होतं. त्या ओळखीची खरी परीक्षा तिथे होते. मी काही वर्षं स्टुडिओत काम केलं आणि नंतर एका संस्थेच्या बाजूने स्टुडिओंकडून काम करून घेतलं. दोन्हीकडे एकच गोष्ट पटत गेली: स्टुडिओ कोणता, ब्रीफ (स्टुडिओला द्यायचं कामाचं टिपण) कसं, अक्षर कोणतं, रंग किती, हे सगळं ठरवताना त्या घाईतल्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवावं.

आपल्या संस्थेची, कंपनीची किंवा उपक्रमाची ओळख पहिल्यांदा बनवून घेणाऱ्यांसाठी किंवा जुनी बदलायची म्हणणाऱ्यांसाठी हा लेख आहे. ओळख म्हणताना मी लोगो, अक्षरं, रंग, चित्रांची धाटणी, मांडणी आणि पडद्यावरची हालचाल या सगळ्यांची मिळून होणारी व्यवस्था धरतो. ही कल्पना जुनी आहे. १९०७ पासून पेटर बेहरेन्स यांनी जर्मनीतल्या एईजी या विजेच्या कंपनीसाठी चिन्ह, जाहिराती, किटल्या-दिव्यांसारख्या वस्तू आणि कारखान्याची इमारतसुद्धा एकाच नजरेने घडवली. आज पडदे वाढले आहेत आणि ओळख वापरणारे हातही कितीतरी पटींनी वाढले आहेत.

पायरी १: आधी भिंत भरा

संस्थेच्या नावाने बाहेर जाणारी प्रत्येक गोष्ट छापून एका भिंतीवर लावा. पत्र, पावती, नोकरीची जाहिरात, ॲपचा आयकॉन, ईमेलखालची सही, दारावरची पाटी, स्लाइड्स, समाजमाध्यमांवरच्या पोस्ट, सगळं. पडद्यावर एकेक पाहताना जे जाणवत नाही ते भिंतीवर दहा मिनिटांत दिसतं. पुष्कळदा लोगो ठीकच असतो. त्याच्याभोवती पाच वेगळे फाँट आणि नऊ छटांचे निळे रंग जमलेले असतात. तसं असेल तर नवं चिन्ह करायची गरज नाही. आवराआवर करा, ती बऱ्याच कमी वेळात उरकते.

दुसरी चाचणी माणसांवर करायची. दहा जणांना कागद-पेन्सिल द्या आणि तुमचा लोगो आठवणीतून काढायला सांगा. त्यांतले निम्मे तरी संस्थेबाहेरचे असू देत. चित्रं वेडीवाकडी येतील, ते चालेल. सगळ्यांच्या कागदांवर पुन्हापुन्हा काय उमटलं ते शोधा. लोकांच्या मनात साठलेला ठेवा तोच, आणि त्याला हात लावायचा तर दहा वेळा विचार करून.

मास्टरकार्डचं २०१६ मधलं काम या दृष्टीने अभ्यासण्यासारखं आहे. पेंटाग्राम या स्टुडिओने १९६० च्या दशकापासून चालत आलेली, एकमेकांत शिरलेली लाल-पिवळी वर्तुळं राखली आणि भोवतालचं ओझं उतरवलं. २०१९ मध्ये कंपनीने चिन्हावरून नावही काढलं आणि नुसत्या वर्तुळांवर भिस्त ठेवली. याच्या उलट ट्रॉपिकाना या संत्र्याच्या रसाच्या ब्रँडने २००९ च्या सुरुवातीला वेष्टनावरचं स्ट्रॉ खुपसलेलं संत्रं काढून टाकलं. आपला नेहमीचा डबा लोकांना ओळखू येईना, आणि दोन महिन्यांच्या आत जुनं वेष्टन परत आणण्याचा निर्णय झाला. कपड्यांच्या गॅप या कंपनीने २०१० मध्ये आणलेला नवा लोगो तर जेमतेम आठवडाभर टिकला. दोन्ही ठिकाणी लोकांच्या मनातला ठेवाच पुसला गेला होता.

कधी ठेवा मागे राहून गेलेला असतो. बर्गर किंगने २०२१ मध्ये जोन्स नोल्स रिची या स्टुडिओकडून नवी ओळख करून घेतली ती १९९९ पूर्वीच्या स्वतःच्याच चिन्हाकडे वळून. बर्बेरी या ब्रिटिश फॅशन कंपनीने २०१८ मध्ये ठसठशीत, बिनशेपटांची (रेघांच्या टोकांना बारीक शेपट नसलेली) अक्षरं घेतली आणि २०२३ मध्ये पुन्हा शेपटांची अक्षरं आणि घोडेस्वार आणला. म्हणून भिंतीच्या एका कोपऱ्यात जुने लोगो, जुनी पत्रं, जुन्या पाट्यांचे फोटोही लावा.

या पायरीवर एक अप्रिय प्रश्न स्वतःला विचारा: बदल हवा आहे तो कामाचं स्वरूप बदललं म्हणून, की नवे प्रमुख आले म्हणून? नवी विटी नवं राज्य या न्यायाने झालेली ओळख पुढचे प्रमुख येईपर्यंतच टिकते.

पायरी २: स्टुडिओ वाचायला शिका

सगळे स्टुडिओ एकाच पद्धतीने काम करत नाहीत. त्यांचा वकूब मोजण्याआधी घडण समजून घ्यावी.

एका टोकाला मोठ्या सल्लागार कंपन्या आहेत. वॉल्टर लँडॉर यांनी १९४१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू केलेली लँडॉर आणि मायकेल वुल्फ व वॉली ओलिन्स यांनी १९६५ मध्ये लंडनमध्ये काढलेली वुल्फ ओलिन्स ही त्यांतली जुनी नावं. संशोधन, रणनीती, नामकरण, अनेक देशांतली अंमलबजावणी हे सगळं त्यांच्या एका छताखाली होतं. अवाढव्य संस्थेला हे लागतं. छोट्या संस्थेचा मात्र बराचसा पैसा बैठकांमध्येच जिरतो.

पेंटाग्रामची घडण निराळी आहे. १९७२ मध्ये लंडनमध्ये पाच भागीदारांनी ती सुरू केली आणि आजही प्रत्येक भागीदार आपापली छोटी तुकडी चालवतो. त्यामुळे पेंटाग्रामकडे जाताना खरं तर एक भागीदार निवडायचा असतो. पॉला शेर यांची तगडी, अंगावर येणारी अक्षरं आणि मायकेल बिरुट यांची शिस्तशीर मांडणी यांच्यात निवड करणं म्हणजे दोन वेगळे स्टुडिओ निवडण्यासारखंच होतं.

त्यानंतर मधल्या आकाराचे स्टुडिओ येतात. स्पॉटिफायला २०१५ मध्ये दोन रंगांत बुडवलेल्या छायाचित्रांची धाटणी देणारा न्यूयॉर्कचा कॉलिन्स, किंवा २०१४ मध्ये एअरबीएनबीचं आजचं चिन्ह करणारा लंडनचा डिझाइनस्टुडिओ. पडद्यावर जगणाऱ्या कंपन्यांसाठी गेल्या दशकातलं बरंच काम अशा स्टुडिओंनी केलं. दुसऱ्या टोकाला दोन-तीन माणसांचे स्टुडिओ आहेत. ॲमस्टरडॅमचा एक्सपेरिमेंटल जेटसेट १९९७ पासून तिघांचाच आहे, आणि न्यूयॉर्कच्या व्हिटनी या कलासंग्रहालयासारख्या संस्थेची ओळख त्यांनी घडवली. इथे ज्यांच्याशी बोलता तेच काम करतात. ही मोठी गोष्ट आहे, फक्त त्यांचा वेळ मोजका असतो हे धरून चला.

याशिवाय एकाच अंगात मुरलेली मंडळी असतात. डाल्टन माग अक्षरं घडवतो, डीआयए हा स्टुडिओ हलत्या अक्षरांसाठी ओळखला जातो. मुख्य स्टुडिओबरोबर असा एखादा जोडीला घेणं अनेकदा शहाणपणाचं ठरतं.

आता त्यांचं काम कसं बघायचं? प्रत्येक स्टुडिओच्या संकेतस्थळावर चकचकीत मॉकअप असतात: काल्पनिक पिशवी, काल्पनिक फलक, धुक्यातली इमारत. ते पाहून मत बनवू नका. त्या स्टुडिओचं तीन-चार वर्षांपूर्वीचं एखादं काम निवडा आणि ती संस्था आज कशी दिसते ते स्वतः शोधा. तिचं संकेतस्थळ उघडा, एखादा अर्ज डाउनलोड करा, नोकरीची जाहिरात पाहा. ओळख अजून शाबूत असेल, आतल्या माणसांनी तिच्यात भर घालूनही ती ओळखू येत असेल, तर स्टुडिओने काम नीट हवाली केलं असं समजा. रटाळ पानांवर जी ओळख टिकते ती पक्की.

दुसरं, त्यांची दहा कामं शेजारी-शेजारी ठेवा. सगळ्यांवर एकच छाप दिसत असेल तर तुम्हालाही तीच मिळेल. काहींना तीच हवी असते. पण ते माहीत असून घ्यावं.

भेटीत विचारायचे प्रश्न मी असे ठेवतो. आमच्या कामावर रोज प्रत्यक्ष कोण बसणार? तुमचं कोणतं काम फसलं आणि का? काम संपल्यावर क्लायंटच्या माणसांना कोणी शिकवलं? या शेवटच्या प्रश्नावर काही स्टुडिओ अडखळतात. आणि संदर्भ म्हणून जुन्या क्लायंटच्या संचालकांऐवजी त्यांच्याकडे रोज पोस्टर आणि स्लाइड्स बनवणाऱ्या डिझायनरशी बोला. खरी हकिकत तिथे कळते.

फुकट पिच, म्हणजे काम देण्याआधीच बिनपैशाचे नमुने, मागू नका, हे मी कळकळीने सांगतो. तुमची ओळख न करून घेता काढलेलं चिन्ह म्हणजे अंदाजाने मारलेला खडा. त्यावर तीन स्टुडिओंची तुलना केली तर सादरीकरणात तरबेज कोण एवढंच कळतं. त्यापेक्षा दोन स्टुडिओ निवडा, दोघांना थोडे पैसे देऊन आठ-दहा दिवस तुमच्या भिंतीसमोर बसवा आणि त्यांना काय दिसलं ते लिहून मागा. चांगली निरीक्षणं करणाऱ्याकडून चांगलं काम होण्याची शक्यता जास्त.

पायरी ३: दोन पानांचं ब्रीफ

ब्रीफ दोन पानांत बसवा, आणि त्यात विशेषणं लिहू नका. 'आधुनिक, विश्वासार्ह, उत्साही' हे शब्द कोणत्याही संस्थेला चिकटतात, म्हणून ते कामाचे नाहीत. त्याऐवजी प्रसंग लिहा. माणूस आम्हाला पहिल्यांदा कुठे भेटतो? त्याच्या मनात तेव्हा काय चाललेलं असतं? काय पाहून त्याने थांबावं?

१९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या पब्लिक थिएटरसाठी पॉला शेर यांनी जे केलं त्याच्या मुळाशी असा प्रसंग होता: नाटकाकडे एरवी न फिरकणाऱ्या शहरी माणसाला रस्त्यावर हाक मारायची. मग लाकडी ठशांसारखी, जाडपासून बारीक होत जाणारी अक्षरं आली, पोस्टरभर कल्ला करणारी मांडणी आली. हे 'उत्साही' या शब्दातून निघालं नसतं.

ब्रीफमध्ये या गोष्टी हव्यातच: ओळख कुठेकुठे दिसणार त्याची यादी, सर्वांत जास्त वापराच्या जागेपासून सुरू करून, कोणत्या भाषा आणि लिप्या लागतात, काय बदलायचं नाही, रोज वापरणारी माणसं कोण आणि त्यांच्या संगणकावर कोणतं सॉफ्टवेअर आहे. हा शेवटचा मुद्दा जवळजवळ प्रत्येक ब्रीफमध्ये सुटतो. वापरणारी माणसं साध्या ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये काम करत असतील आणि स्टुडिओने साचे फिग्मा या डिझायनरांच्या सॉफ्टवेअरमध्ये दिले, तर हिशेब विभागातलं ते पत्र पुन्हा तसंच निघेल.

आणि निर्णय कोण घेणार त्या एका व्यक्तीचं नाव लिहा. समितीने सल्ला द्यावा, सही एकाने करावी.

पायरी ४: एक वाक्य

यानंतर स्टुडिओ काही आठवडे मुलाखती घेईल आणि रणनीतीची जाडजूड फाइल आणेल. तिच्यातून एक वाक्य काढून मागा, ज्याला कोणीतरी 'नाही, असं नाही' म्हणू शकेल. 'आम्ही लोकांना जोडतो' याला कोणी नाही म्हणणार नाही, म्हणून ते निरुपयोगी. २०१४ मध्ये व्हाइट स्टुडिओने पोर्तुगालच्या पोर्तो शहराची ओळख केली, तिच्यामागची भूमिका अशी की या शहराचं एकच प्रतीक निवडता येत नाही, कारण प्रत्येकाचं पोर्तो वेगळं. यावर वाद घालता येतो. म्हणूनच त्यातून शहराच्या निळ्या फरश्यांची आठवण देणारी, एकमेकांना जोडता येणारी ७० पेक्षा जास्त चित्रं निघू शकली.

पायरी ५: पहिलं सादरीकरण पाहताना

किती पर्याय मागावेत यावर जुना वाद आहे. १९८६ मध्ये अमेरिकी डिझायनर पॉल रँड यांनी स्टीव्ह जॉब्ज यांच्या नेक्स्ट कंपनीसाठी एकच चिन्ह दिलं, सोबत विचारांचा प्रवास उलगडणारी पुस्तिका. ती रँड यांची पद्धत होती आणि त्यामागे अनेक दशकांचा अधिकार होता. माझ्या मते दोन दिशा पुरेत. अट एकच: दोन्ही दिशा त्याच पाच वस्तूंवर लावून दाखवाव्यात आणि त्या पाच वस्तू तुम्ही निवडाव्यात. एक पत्र, एक ॲप आयकॉन, एक फलक, एक लांबलचक मजकुराचं पान, आणि तुमच्या भिंतीवरची सर्वांत कुरूप गोष्ट.

चिन्ह आधी काळ्या-पांढऱ्यात पाहा. रंग मन जिंकून घेतो आणि आकारातली उणीव झाकतो. मग ते १६ बाय १६ पिक्सेलमध्ये पाहा, कारण ब्राउझरच्या टॅबवर ते तेवढंच दिसणार आहे. आंटोन स्टान्कोव्हस्की यांनी १९७४ मध्ये डॉइचे बँकेसाठी केलेलं चौकटीतल्या तिरप्या रेघेचं चिन्ह या दोन्ही कसोट्यांवर आजही ताठ उभं आहे, तेव्हा टॅब नावाची गोष्ट नसतानाही.

प्रतिक्रिया देताना अडचण सांगा, उपाय सांगू नका. 'हे निळं करा' म्हणण्याऐवजी 'हे पाहून मला इस्पितळ आठवतं, आणि आपले लोक आधीच घाबरलेले असतात' असं म्हटलं, तर डिझायनरला काम करायला जागा मिळते. पहिल्या दिवशी मत देऊच नका. दोन रात्री जाऊ द्या.

मतदान टाळा. लोकांचं ऐकायचं असेल तर फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाने धरलेला मार्ग बघण्यासारखा आहे. २०१६ मध्ये त्यांनी जॉन्सन बँक्स या स्टुडिओबरोबरचं काम टप्प्याटप्प्याने सगळ्यांसमोर मांडलं, अभिप्राय घेतले, आणि जानेवारी २०१७ मध्ये नावातच संकेतस्थळाच्या पत्त्याची चिन्हं गुंफलेला लोगो जाहीर केला. लोकांनी कारणं पुरवली, निवड मात्र मतं मोजून झाली नाही.

आणखी एक. रेखाटन झटपट झालं म्हणून त्याची किंमत कमी समजू नका. १९९८ मध्ये सिटी या बँकेच्या लोगोची कल्पना शेर यांनी पहिल्याच बैठकीत कागदी रुमालावर काढली. ती सगळ्यांच्या गळी उतरवण्यात मात्र बराच काळ गेला.

पायरी ६: व्यवस्था उभारताना

इथे सर्वांत जास्त वेळ द्या. लोगो कुठेतरी कोपऱ्यात असतो. उरलेलं पान अक्षरं आणि रंग व्यापतात.

अक्षरांपासून सुरुवात करू. एडवर्ड जॉन्स्टन यांनी लंडनच्या भुयारी रेल्वेसाठी घडवलेलं अक्षर १९१६ पासून वापरात आहे, आणि शंभर वर्षांनी मोनोटाइप या फाँट बनवणाऱ्या कंपनीने पडद्यासाठी त्याची नवी आवृत्ती केली. पाटीवरचं चिन्ह झाकलं तरी अक्षरावरून जागा ओळखू येते. म्हणून अक्षर निवडताना देखण्या शीर्षकावर जाऊ नका, तुमचा सर्वांत कंटाळवाणा मजकूर त्यात लावून पाहा. आकड्यांचा तक्ता लावा: अंक एकाखाली एक सरळ येतात का? लहान आकारात १ आणि ७ वेगळे कळतात का?

तुमची ओळख एकाहून जास्त लिप्यांत वावरणार असेल तर दुसरी लिपी शेवटी 'बसवू' म्हणून ठेवू नका. वराती मागून आलेलं घोडं लगेच ओळखू येतं. देवनागरीला शिरोरेषा आहे, वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार आहेत, त्यामुळे रोमनसाठी ठरवलेलं ओळींमधलं अंतर तिला अपुरं पडतं. रोमन अक्षराचे कोपरे आणि वळणं देवनागरीवर चिकटवून जुळणी होत नाही. पानाकडे डोळे किलकिले करून पाहिलं असता दोन्हींचा करडेपणा, म्हणजे मजकुराचा एकूण गडदपणा, सारखा भासला पाहिजे. रेघेची जाडी आणि आकार त्यासाठी वेगवेगळे ठेवावे लागतात. मराठी मजकूर असेल तर 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणं फाँटमध्ये आहेत का ते विचारा, आणि 'वाऱ्यावर', 'तऱ्हा', 'राष्ट्र', 'श्री', 'द्वंद्व', 'ज्ञान' हे शब्द लावून पाहा. जोडाक्षरं फुटत असतील तर फाँट कितीही देखणा असो, बाजूला ठेवा. लोगोच्या दोन लिप्यांतल्या रूपांचं सादरीकरणही एकाच दिवशी मागा.

परवान्याचा प्रश्न इथेच सोडवा. फाँटचा संगणकावरचा वापर, संकेतस्थळावरचा वापर आणि ॲपमधला वापर यांचे परवाने बहुधा वेगळे असतात. नेटफ्लिक्सने २०१८ मध्ये स्वतःचं अक्षर बनवून घेतलं त्यामागे परवान्यांचा वाढता खर्च हे एक कारण होतं. आयबीएमने २०१७ मध्ये प्लेक्स हे अक्षर खुल्या परवान्यावर सर्वांनाच दिलं. लहान संस्थेसाठी चांगला खुला फाँट ही मोठी सोय असते, कारण तो हिशेब विभागाच्या संगणकावरही बिनदिक्कत बसवता येतो.

रंगांत हात आखडता घ्या. एक मुख्य रंग, एक-दोन सोबती, काळा-पांढरा. मग तपासणी. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यातला उजळपणाचा फरक वेब सुलभतेच्या प्रमाणकानुसार किमान ४.५:१ हवा, मोठ्या अक्षरांसाठी ३:१ चालतो. लोगोला या अटीतून सूट आहे, पण बटणावरच्या शब्दाला नाही, आणि ब्रँडचा लाडका पिवळा बरोबर तिथेच आपटतो. केवळ रंगावर अर्थ सोपवू नका. लाल-हिरव्यात फरक न कळणारी पुष्कळ माणसं आहेत. छपाईसाठी पँटोनचा (तयार शाईंच्या यादीतला) क्रमांक, सीएमवायके (चार शाईंचं प्रमाण) आणि पडद्यासाठी आरजीबी (लाल, हिरव्या, निळ्या प्रकाशाचं प्रमाण) अशी तिन्ही मूल्यं मागा आणि प्रत्यक्ष कागदावर नमुना छापून पाहा. गुळगुळीत आणि साध्या कागदावर एकच शाई दोन वेगळे रंग दाखवते. पडद्यावरचा झगझगीत हिरवा तर चार शाईंच्या छपाईत मिळतच नाही.

आता बदलत्या ओळखीबद्दल, कारण आजच्या स्टुडिओंची ही आवडती जागा. १९८१ मध्ये एमटीव्हीचा लोगो रंग-रूप बदलत आला. २००० मध्ये वुल्फ ओलिन्सने ब्रिटनच्या टेट या कलासंग्रहालयांसाठी धूसर ते स्पष्ट अशी अनेक रूपं केली. २०११ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या मीडिया लॅब या संशोधन विभागासाठी ४०,००० रूपं देऊ शकणारा संगणकीय आराखडा तयार झाला, आणि तीनच वर्षांत, २०१४ मध्ये, पेंटाग्रामने ७ बाय ७ च्या एका स्थिर जाळीवर सगळं पुन्हा रचलं. रूपं जितकी जास्त, तितकं न बदलणारं काहीतरी ठाम लागतं, असं मला त्यावरून दिसतं. व्हिटनीच्या २०१३ च्या ओळखीत ते ठाम काहीतरी म्हणजे एक बारीक नागमोडी रेघ, म्हणजेच त्यांचं डब्ल्यू हे अक्षर. कलाकृती आधी ठेवायची, उरलेल्या जागेत ती रेघ ताणायची. नियम एका वाक्यात सांगता येतो, म्हणून संग्रहालयातल्या डिझायनरांना तो रोज पेलतो. तुम्हाला बदलती ओळख सुचवली गेली तर नियम एका वाक्यात मागा. त्याला परिच्छेद लागत असेल तर ती तुमच्या माणसांच्या हातात विस्कटेल.

हालचालीबद्दल थोडक्यात: लोगो कसा उघडतो यापेक्षा मजकूर आणि चित्रं कशी येतात-जातात, किती वेळात, हे ठरवून घ्या. आणि ज्यांनी फोन-संगणकाच्या सेटिंगमध्ये हालचाल कमी ठेवली आहे त्यांच्यासाठी स्थिर रूपही.

पायरी ७: कागदपत्रं

चिन्हावर मन जडण्याआधी नोंदणीचा शोध घ्या. व्यापारचिन्हांचं नीस वर्गीकरण ४५ वर्गांचं आहे, ३४ वस्तूंचे आणि ११ सेवांचे; चित्ररूप चिन्हांसाठी व्हिएन्ना वर्गीकरण वेगळं. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचा शोधसंग्रह विनामूल्य पाहता येतो, त्यावर प्राथमिक शोध स्वतः घ्या, मग वकिलाकडे जा. स्टुडिओबरोबरच्या करारात मालकी हक्क कधी आणि कशाचे हस्तांतरित होतात, न निवडलेल्या रेखाटनांचं काय, फाँट आणि छायाचित्रांचे परवाने कुणाच्या नावावर, आणि कोणता भाग एआयकडून तयार करवला आहे, हे स्पष्ट लिहून घ्या.

पायरी ८: हवाली करून घेणं

जुन्या नियमपुस्तिकांचं डिझायनरांना फार वेड. मासिमो विन्येली आणि बॉब नूर्डा यांनी न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेसाठी केलेली १९७० ची पुस्तिका आणि डॅन अँड ब्लॅकबर्न यांची नासासाठीची पुस्तिका, दोन्ही पुढे पुन्हा छापल्या गेल्या. मलाही त्या अतिशय आवडतात. पण नासाची गोष्ट पुरी पाहावी: १९७५ मध्ये आलेलं ते वळणदार अक्षरचिन्ह आतल्या अनेकांच्या मनाला कधी भिडलं नाही, आणि १९९२ मध्ये ते निवृत्त करून १९५९ चं गोल चिन्ह परत आणलं गेलं. अक्षरचिन्ह २०२० मध्ये पुन्हा वापरात आलं. उत्कृष्ट पुस्तिका असली तरी ती चालवणाऱ्यांना आपली वाटावी लागते.

म्हणून मी पुस्तिकेआधी साचे मागतो. पत्र, पावती, स्लाइड, पोस्ट, नोटीस यांचे, तुमची माणसं वापरतात त्याच सॉफ्टवेअरमध्ये. लोगोच्या फाइली एसव्हीजी, पीडीएफ आणि पीएनजी या तिन्ही रूपांत, आणि फाइलींची नावं माणसाला कळतील अशी: 'लोगो-पांढरा-गडद पार्श्वभूमीसाठी'. पुस्तिकेची तीन पानांची आवृत्ती वेगळी. 'असं करू नका' या पानांपेक्षा 'असं करायचं असेल तर इथून घ्या' ही पानं जास्त हवीत. संस्थेतली एक व्यक्ती ओळखीची राखणदार म्हणून नेमा, आणि स्टुडिओचा पुढच्या सहा महिन्यांचा थोडा वेळ आधीच पैसे मोजून राखून ठेवा.

मग अंतिम हप्ता देण्याआधीची चाचणी. डिझाइनशी काही संबंध नसलेल्या एका सहकाऱ्याला फोल्डर द्या आणि अर्ध्या तासात एक नोटीस बनवायला सांगा. मदत करू नका, शेजारी बसून फक्त पाहा. तो कुठे थांबतो, कोणती फाइल चुकीची उघडतो, काय ताणतो, ते टिपून घ्या आणि ती यादी स्टुडिओला द्या. चांगला स्टुडिओ ती आनंदाने घेतो.

पायरी ९: पहिला आठवडा आणि सहावा महिना

नवी ओळख आधी आतल्या लोकांना दाखवा, कारणांसकट. बाहेर पहिल्या आठवड्यात टीका होईल. २००७ मध्ये वुल्फ ओलिन्सने केलेला लंडन ऑलिंपिकचा लोगो जाहीर झाला तेव्हा केवढा गदारोळ उठला होता. आयोजक हटले नाहीत आणि २०१२ मध्ये तीच ओळख मैदानापासून तिकिटापर्यंत वापरली गेली. 'आवडलं नाही' आणि 'ओळखू आलं नाही' या दोन तक्रारी वेगवेगळ्या नोंदवा. पहिली ओसरते. दुसरी ट्रॉपिकानाची आहे, तिची तातडीने दखल घ्या.

सहा महिन्यांनी तीच भिंत पुन्हा भरा. स्टुडिओने केलेल्या वस्तू बाजूला ठेवा आणि फक्त तुमच्या माणसांनी बनवलेल्या लावा. एखादी चूक एकाच ठिकाणी दिसली तर त्या व्यक्तीला साचा कुठे आहे ते दाखवा. तीच चूक तीन वेगळ्या हातांनी केलेली असेल तर माणसं बरोबर आहेत आणि नियम चुकला आहे. ते तीन कागद भिंतीवरून काढा, राखून ठेवलेला वेळ वापरा, आणि स्टुडिओबरोबर बसून नियम बदलून घ्या.